साथ : तबला

सत्तावन्न साली फ्लूची साथ मद्रासकडून बंगळूरला पोचली, तेव्हा मी इथल्या एका इंग्रजी दैनिकात बातमीदार होतो. पाणीपुरवठा, रस्ते आणि आरोग्य खाते एवढी कामे माझ्याकडे होती. पहिल्या दोहोंतून बातमी क्वचित निघे. आरोग्य खात्यातून त्या दिवसांत रोज निघू लागली, पण ती रोज एकच असे: परिस्थिती आटोक्यात आहे. ती सांगणारा अधिकारी मात्र सारखा बदलत होता, कारण आधीचा तापाने घरी पडलेला असे.

खाते स्वस्थ बसले होते असे कोणी म्हणू शकणार नाही. दोन खेळांच्या मध्ये सिनेमाची थिएटरे फिनेलने धुतली जात आणि पुढच्या खेळाचे प्रेक्षक ओल्या खुर्च्यांवर बसून शिंकत. गर्दी करू नका असे सांगणारी लाउडस्पीकरची गाडी ज्या चौकात थांबे तिथे ती ऐकायला गर्दी होई. मग गाडीने थांबायचे बंद केले. चालत्या गाडीतले शब्द अर्धवट ऐकू येत आणि लोक उरलेल्या वाक्यासाठी तिच्यामागे धावत.

शिवाय पत्रके होती. कन्नड, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, उर्दू आणि मराठी. भाषावार प्रांतरचना नुकतीच झाली होती आणि कुठली भाषा कितव्या क्रमांकावर छापली आहे हे लोक मजकुरापेक्षा बारकाईने बघत. मराठी भागाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत एकच शब्द होता: ‘साथ!’ खाली सूचना होत्या. मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात. हस्तांदोलन टाळावे. ज्या संस्थेत साथीचा रुग्ण आढळेल तिने प्रवेशद्वारावर फलक लावून रुग्णाचे नाव व ठिकाण जाहीर करावे.

ही शेवटची सूचना शहरात एकाही संस्थेने पाळली नाही. हॉटेलवाल्यांनी पत्रके गिऱ्हाइकांच्या भज्यांसाठी वापरली.

चिक्कपेट भागाचे हेल्थ इन्स्पेक्टर चाळिशीचे, किडकिडीत आणि फार कष्टाळू गृहस्थ होते. मातृभाषा कन्नड. हिंदी प्रचाराच्या सगळ्या परीक्षा ते पहिल्या वर्गात पास झाले होते आणि त्यामुळे देवनागरी लिपीतले जे दिसेल ते वाचत. पत्रक हातात पडले तेव्हा ते गोंधळले. हिंदीत ‘साथ’ म्हणजे ‘बरोबर, मिळून’. एकत्र येऊ नका सांगणाऱ्या कागदावर ‘मिळून!’ कशाला? त्यांनी कचेरीतल्या एका मराठी कारकुनाला विचारले. तो म्हणाला, मराठीत साथ म्हणजे साथीचा रोग. इन्स्पेक्टरांनी तो अर्थ पक्का केला आणि पुढे शहरभर वापरला.

आमचे मराठी मंडळ चिक्कपेटच्या एका गल्लीत, कापडाच्या दुकानाच्या माडीवर भरत असे. सभासद दोन प्रकारचे होते. एक, पुण्या-मुंबईहून सरकारी कारखान्यांत नोकरीला आलेले. ते बंगळूरच्या हवेचे कौतुक करीत आणि ज्वारी चांगली मिळत नाही म्हणून तक्रार करीत. दुसरे, पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेले, बहुतेक शिवणकामाच्या धंद्यातले. त्यांच्या मराठीत कन्नड इतके मुरले होते की पहिल्यांना ते मराठी वाटत नसे. दुसऱ्यांना पहिल्यांचे मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचल्यासारखे वाटे. मी बेळगावचा. दोन्ही बाजू मला दुसऱ्या बाजूचा समजत.

मंडळाचे चिटणीस पहिल्या प्रकारातले, पुण्याचे, हुद्द्याने इंजिनियर. तबलजी दुसऱ्या प्रकारातले. ते पन्नाशीला आलेले शिंपी होते. खाली दुकान आणि वर घर. घरात ते आणि त्यांची विधवा थोरली बहीण. तिला सगळी गल्ली अक्का म्हणे आणि त्यांना अण्णा. तबला ते वडिलांकडून शिकले होते. भजन, कीर्तन, मुंज, शाळेचे स्नेहसंमेलन, कुणी बोलावले की जात. त्यांची एकच इच्छा होती आणि ती गल्लीत सगळ्यांना माहीत होती: धारवाडच्या बुवांबरोबर एकदा वाजवायला मिळावे.

बुवा ख्यालगायक होते. एक-दोन वर्षांनी ते बंगळूरला येत, पण हुबळीचे त्यांचे नेहमीचे तबलजी त्यांच्याबरोबर असत. आमचे अण्णा तेव्हा पुढच्या रांगेत बसून स्वतःच्या मांडीवर वाजवत. एकदा शेजारी बसलेल्या सभासदाच्या मांडीवर वाजवले, म्हणून थोडी बाचाबाचीही झाली होती.

त्या वर्षी हुबळीच्या तबलजींना फ्लू झाला. बुवांची तार आली: मी येतो, तबल्याची व्यवस्था तिथे करा. चिटणीस तार घेऊन दुकानात गेले. अक्कांनी मला नंतर सांगितले, “त्या दिवशी ह्यानं एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या. तो बिचारा आरशासमोर उभा राहून आपलाच हात तपासत होता.”

चिटणिसांनी फलक स्वतः रंगवला. त्यांचे अक्षर सुंदर होते. वर ‘उद्या सायंकाळी गायन’, खाली बुवांचे नाव. त्याखाली ‘साथ : तबला’ आणि पुढे अण्णांचे पूर्ण नाव. रंगमंचाचा पडदा अण्णांनी फुकट शिवून दिला होता, म्हणून आभारादाखल दुकानाचे नाव आणि गल्लीही लिहिली. खालचा मजकूर आधी रंगवल्यामुळे वर जागा उरली नाही, म्हणून ‘गायन’ बारीक झाले आणि ‘साथ’ ठळक. फलक जिन्याच्या तोंडाशी, रस्त्यावरून दिसेल असा लावला.

इन्स्पेक्टर सकाळच्या फेरीत तिथून जात होते. फलक वाचून आपल्याला भरून आले, असे त्यांनी मला पुढे कॉफी पिताना सांगितले. “सगळ्या सिटीत ऑर्डर पाळणारी एकच संस्था. नाव, ठिकाण, सगळं आमच्या नियमाप्रमाणे. माझ्या मनात मराठी लोकांबद्दल फार आदर झाला.”

ते तडक दुकानात गेले. तिथे झालेले बोलणे मी अक्कांकडून ऐकले आणि इन्स्पेक्टरांकडूनही, आणि दोन्ही ताडून पाहिली. फरक एकच निघाला. अक्कांच्या म्हणण्याप्रमाणे इन्स्पेक्टर बसले होते, इन्स्पेक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे उभे. अण्णांना कन्नड घरच्यासारखे येत होते; पण आदर वाटू लागल्यामुळे इन्स्पेक्टरांनी मराठीतच बोलायचे ठरवले होते.

“नमस्कार. तुमाला साथ आहे?”

“आहे की, सार! या, बसा. कुणी सांगितलं?”

“बोर्डावर लिहिलं आहे.”

“लावला काय बोर्ड? नाव नीट आहे न्हवं?”

“नाव, जागा, सगळं. फार चांगलं केलं तुमी. लोक लपवतात.”

“लपवायचं काय त्यात? नशिबानं मिळाली, सार. हुबळीवाल्याची होती, ती मला आली.”

“हुबळीवरून आली?” इन्स्पेक्टर गंभीर झाले. खात्याच्या अंदाजाप्रमाणे ती मद्रासवरून यायला हवी होती. “आधी कधी होती?”

“लहानपणापासून आहे. आमच्या वडिलांना होती. त्यांच्याकडूनच घेतली.”

“घरात दुसऱ्या कुणाला?”

“अक्काला नाही. ती नुसती कान धरून बसते.”

“आणि बाहेर कुणाला दिली?”

“मागेल त्याला दिली. भजनाला दिली, कीर्तनाला दिली. आता परवा मल्लेश्वरमला एका मुंजीत दिली. मांडव भरला होता, सार. सगळे माना डोलवत होते.”

मान डोलवणे हे लक्षण खात्याच्या माहितीत नव्हते. इन्स्पेक्टरांनी ते ध्यानात ठेवले आणि म्हणाले, “बन्नी, जाऊ या. जीप आणली आहे. तिथे खाट आहे, जेवण आहे, सगळी व्यवस्था आहे. तुमच्यासारखे आणखी पुष्कळ आहेत.”

“साथवाले?”

“सगळे साथवाले.”

अण्णांना वाटले, मंडळाने या खेपेस काही तरी मोठे योजले आहे. बाहेरगावचे वादक उतरवले आहेत आणि आपल्यासाठी गाडी पाठवली आहे. ते रेशमी झब्बा घालून आणि तबला-डग्गा काखेत घेऊन खाली आले. तोवर जीपबरोबर आलेल्या शिपायाने दुकानातले अर्धवट शिवलेले कपडे गोळा करायला घेतले होते. रुग्णाने हाताळलेल्या वस्तूंना वाफ द्यावी असा नियम होता.

“अय्यो, कपडे कशाला नेता?” अक्का म्हणाल्या.

“वाफ द्यायला, अम्मा.”

“इस्त्री आम्ही करतो की!”

“राहू दे गं अक्का,” जीपमधून अण्णा म्हणाले. “मंडळ करतंय तर करू दे स्वल्प.”

शाळा साथीमुळे बंद होत्या आणि यशवंतपूरला रेल्वे स्टेशनजवळच्या एका शाळेत विलगीकरणाची छावणी केली होती. वर्गांत लोखंडी खाटा मांडल्या होत्या; बाके भिंतीशी सरकवली होती. अण्णांना ज्या वर्गात नेले तिथे फळ्यावर गुणाकाराचे एक गणित अर्धे सुटलेले होते आणि खाली माणसे कण्हत होती. अण्णांनी विचारले, यात तबलजी कोण कोण? एक जण खोकला. मग शिपाई आला, तबला-डग्गा उचलून घेऊन गेला आणि अण्णांच्या झब्ब्यावर फिनेल शिंपडले.

तेव्हा त्यांनी कन्नडमध्ये विचारले, हे चालले आहे काय? इन्स्पेक्टरांनी कन्नडमध्ये सांगितले. अण्णांनी साथ म्हणजे काय ते कन्नडमध्ये सांगितले: पक्कवाद्य. हा शब्द इन्स्पेक्टरांना चांगला ठाऊक होता. त्यांचे मेहुणे देवनहळ्ळीला मृदंगम् वाजवत. ते एका बाकावर बसले आणि बराच वेळ गणिताकडे बघत राहिले.

अक्कांचा निरोप मिळाला तसे चिटणीस आणि मी छावणीवर गेलो. इन्स्पेक्टर फाटकाशीच भेटले. त्यांनी काही लपवले नाही.

“चूक झाली, सार. पण एक सांगा. रोगाला आणि तबल्याला एकच शब्द कसा?”

“भाषेचं वैभव आहे ते,” चिटणीस म्हणाले. “कॉन्टेक्स्टवरून कळतं.”

“बोर्डावर कॉन्टेक्स्ट कुठे होता?”

“वर ‘गायन’ लिहिलं होतं!”

“बारीक होतं,” इन्स्पेक्टर म्हणाले, आणि ते खरे होते.

“ठीक आहे, झालं ते झालं. आता माणूस बाहेर काढा. उद्या प्रोग्रॅम आहे.”

इथे अडचण सुरू झाली. छावणीतून बाहेर सोडण्याचा नियम एकच होता. रुग्णाचा ताप उतरावा, त्यानंतर तीन दिवस तो पुन्हा चढू नये, मग सोडावे. अण्णांना ताप नव्हता. त्यामुळे तो उतरत नव्हता. आणि आता ते वॉर्डात जाऊन बसले असल्यामुळे त्यांना तसेच बाहेर सोडणे म्हणजे साथ शहरात सोडणे होते.

“पण त्यांना काहीच झालेलं नाही!”

“तेच तर, सार. झालेलं असतं तर सोडता आलं असतं.”

“डॉक्टरांना बोलवा.”

“डॉक्टर तिसऱ्या वर्गात आहेत. त्यांचा ताप अजून उतरला नाही.”

चिटणिसांनी रागाने टोपी काढली आणि पुन्हा घातली. इन्स्पेक्टरांना मनापासून वाईट वाटत होते. ते म्हणाले, मेहुण्याला देवनहळ्ळीहून बोलावतो, तो उद्या वाजवेल.

“ख्यालाला मृदंगम्?”

“तो अ‍ॅडजस्ट करेल, सार.”

खिडकीच्या गजांतून अण्णा हे ऐकत होते. ते म्हणाले, “चिटणीससाहेब, मृदंगम्‌वाल्याला बसवू नका. तीस वर्षं थांबलोय. मी हितं थर्मामीटर खाऊन ताप चढवतो, मग उतरवतो. पण मृदंगम् नको.”

“अण्णा, उद्यापर्यंत चढून उतरेल का तो?”

“प्रयत्न करतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हार घेऊन चिटणीस आणि मी यशवंतपूर स्टेशनावर गेलो. बुवा इथेच उतरणार होते. चिटणिसांचा बेत असा की त्यांना थेट फाटकाशी न्यावे, म्हणजे त्यांच्या शब्दाला मान देऊन खाते नरमेल. फलाटावर आरोग्य खात्याचे पथक होते. धारवाडकडून येणाऱ्या प्रत्येक उतारूच्या तोंडात थर्मामीटर घातला जाई. पथकावर आमचेच इन्स्पेक्टर होते. पथकाचा प्रमुख आजारी होता.

बुवा मफलर गुंडाळून उतरले. डोळे लाल होते. चिटणिसांनी हार घातला आणि इन्स्पेक्टरांनी थर्मामीटर. तो काढून उजेडाकडे धरून त्यांनी बघितला, आणि चिटणिसांकडे वळून आता पूर्ण खात्रीने म्हणाले, “साथ आहे.”

“साथ कुठली? साथ तुम्ही आत डांबून ठेवलीय!”

“ही दुसरी साथ, सार. ही आमची.”

बुवा घोगऱ्या आवाजात म्हणाले, “मला कुठंतरी आडवं होऊ द्या.” एवढे बोलून त्यांचा आवाज बसला तो बसलाच. त्यांना हारासकट जीपमध्ये घातले आणि शाळेत नेले. रिकामी खाट एकाच वर्गात होती. अण्णांच्या शेजारी.

मैफल रद्द झाली. चिटणिसांनी फलकावर तांबड्या रंगात तिरके ‘रद्द’ लिहिले. ते नेमके ‘साथ’ या शब्दावरून गेले. त्या दुपारी आमच्या दैनिकाच्या कचेरीत दोन माणसे चौकशीला आली, साथ रद्द झाल्याचे कळले, हे खरे का.

मी छावणीवर बातमीसाठी रोज जात होतो आणि वर्गाच्या खिडकीशी उभा राहत होतो. अक्काही डबा घेऊन येत. बाहेरचे जेवण आत न्यायला परवानगी होती. भांडी बाहेर न्यायला नव्हती. अक्कांच्या घरातले एकेक भांडे शाळेत जाऊन बसले. शेवटी त्या केळीच्या पानात भात बांधून आणू लागल्या आणि फाटकावरच्या शिपायाला रोज नवे बोल ऐकवू लागल्या. “परत देणार नाही म्हणता, मग निदान घासता तरी का रे?”

अण्णांना ताप येत नव्हता. वॉर्डात मदतीला माणसे नव्हती, म्हणून सगळ्यांना पाणी देणे, घड्या ठेवणे ही कामे तेच करत होते. बुवांच्या कपाळावरची घडी ते दर थोड्या वेळाने बदलत. बुवा तापात डोळे मिटून पडलेले असत. त्यांना अण्णा कोण हे ठाऊक नव्हते. ते त्यांना छावणीतले नोकर वाटत होते. मी खिडकीतून म्हटले, “अण्णा, सांगा की त्यांना.”

“काय सांगू? हातात तबला नाही. तबला नसलेला तबलजी म्हणजे काय, शिंपीच की.”

तबला-डग्गा मात्र त्याच दिवशी परत आले. कपड्यांबरोबर तेही वाफेच्या पिंपात घातले गेले होते. डग्ग्याचे चामडे ढिले होऊन आत गेले होते. तबल्यावरची शाई, म्हणजे मधला काळा गोल, सुटून आली होती. शिपायाने ती वेगळी कागदात बांधून आणून दिली. खात्याने काहीही स्वतःकडे ठेवले नव्हते. अण्णांनी कागद उघडला, बघितला, पुन्हा बांधला आणि उशाखाली ठेवला. चिक्कपेटच्या गिऱ्हाइकांचे कपडेही आटून आले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खिडकीशी होतो तेव्हा बुवांनी डोळे उघडले. ताप कमी झालेला दिसत होता. गवई माणूस जागा झाला की आधी गळा बघतो. त्यांनी अगदी हलके काही तरी म्हणायला सुरुवात केली. आवाज नव्हताच, श्वासाला चाल होती, एवढेच. मध्य लयीतली तीनतालातली बंदिश होती. शेजारी अण्णा भिंतीशी सरकवलेल्या बाकावर बसले होते. त्यांची बोटे बाकाच्या फळीवर पडली.

आधी नुसता ठेका. बुवांनी मान वळवली. ते थांबले नाहीत. उलट समेवर येऊन त्यांनी भुवई उंचावली आणि पुढची ओळ घेतली. अण्णा खाटेजवळ बाक ओढून बसले. उजव्या हाताला फळी, डाव्या हाताला अक्कांचे एक पातेले, उपडे. डग्ग्याचे काम ते बरे करीत होते. समोरच्या खाटेवरचा टांगेवाला उठून बसला. कोणी तरी खोकले, ते समेच्या जरा आधी पडले, आणि टांगेवाल्याने त्याच्याकडे रागाने बघितले.

तेवढ्यात इन्स्पेक्टर आले. ही त्यांची ताप बघण्याची वेळ होती. त्यांनी क्षणभर ऐकले, पण वॉर्ड मोठा होता. बुवा तानेसाठी तोंड उघडत होते. इन्स्पेक्टरांनी त्यात थर्मामीटर ठेवला आणि खिशातले घड्याळ काढले.

बुवांचे तोंड बंद झाले. अण्णांचा हात थांबला नाही. बुवांनी पांघरुणातून हात काढला आणि ताल दाखवायला लागले: टाळी, टाळी, काल म्हणजे रिकामा हात, टाळी. थर्मामीटर तोंडात होता आणि गाणे चालू होते, फक्त ते कोणाला ऐकू येत नव्हते. अण्णांना येत असावे. एका आवर्तनात बुवांच्या भुवया वर चढत गेल्या तसतशी अण्णांची बोटे दाट होत गेली. भुवया खाली आल्या, बोटे विरळ झाली. इन्स्पेक्टर घड्याळाकडे बघत होते. नियमाप्रमाणे पुरता वेळ झाला, त्यांनी काटा बघून थर्मामीटर उपसला, आणि बुवांचा श्वास ‘आऽ’ करून सुटला तो समेवर. फळी, पातेले आणि बुवा एकाच क्षणी.

टांगेवाला म्हणाला, “वाहवा!”

इन्स्पेक्टर म्हणाले, “नॉर्मल.”

बुवा उशीवर टेकले. थोड्या वेळाने ओठ हलले. मी गजांना कान लावला.

“तुम्ही कोण?”

“मी तुमच्या साथीला होतो, बुवा.”

“इथं सगळेच साथीचे आहेत.”

“तसं नव्हं, बुवा. तबल्याच्या साथीला. बोर्डावर नाव होतं.”

बुवांनी पातेल्याकडे बघितले. “डग्गा जरा चढा आहे,” म्हणाले. अण्णांनी पातेल्यावर थोडे पाणी शिंपडले, का ते मला कळले नाही, आणि वाजवून दाखवले. बुवांनी मान हलवली. “आता सरी. ठीक आहे.”

इन्स्पेक्टर थर्मामीटर झटकून अण्णांकडे वळले. हे रोजचेच होते. रोज तो तोंडात जाई आणि रोज इन्स्पेक्टरांचा चेहरा पडे. त्या दिवशी त्यांनी पारा दोनदा बघितला, मग खिडकीशी येऊन उजेडात बघितला. मी इतका आनंदी सरकारी नोकर क्वचित पाहिला आहे.

“ताप आला, अण्णा! आता तुमची केस रेग्युलर झाली.”

“खरं का, सार?”

“शंभराच्या वर. आता उतरला की नियमाप्रमाणे सोडतो.”

अण्णांना तो चांगलाच भोवला. बुवा बरे होऊन बाहेर पडले तेव्हा अण्णा ग्लानीत होते. बुवा धारवाडला लगेच गेले नाहीत. गाडीला वेळ आहे असे सांगून ते दोन दिवस त्या खिडकीबाहेर, शाळेच्या पायरीवर बसत, आणि गळा परत येतो का बघत गुणगुणत. गाडीला इतका वेळ नसतो हे चिटणिसांनी त्यांना सांगितले नाही. तिथे गर्दी होऊ लागली, तेव्हा खात्याने लाउडस्पीकरची गाडी पाठवली.

अण्णांचा ताप उतरला. तीन दिवस चढला नाही. इन्स्पेक्टरांनी त्यांना स्वतः जीपने दुकानापर्यंत सोडले; अक्कांची भांडी मात्र छावणी उठेपर्यंत मिळाली नाहीत.

थंडीत बुवा पुन्हा आले. हुबळीचे तबलजी खडखडीत बरे होते, पण त्यांना आणले नव्हते. चिटणिसांनी नवा फलक रंगवला. या वेळी ‘गायन’ ठळक लिहिले, आणि एक शब्द फार विचार करून बदलला. मंडळाच्या सभासदांपैकी पुण्याकडच्या काहींनी त्यावर हरकतही घेतली. त्या फलकावर होते: ‘पक्कवाद्य : तबला’. पुढे अण्णांचे नाव. पत्ता गाळला होता.

अण्णांनी तबल्याला नवी पुडी, म्हणजे वरचे चामडे, चढवून घेतली होती. जुनी शाई कागदासकट त्यांनी जपून ठेवली होती, अक्का म्हणत, “देवघरात ठेव एकदा, म्हणजे बरं.” मैफलीला इन्स्पेक्टर आले, धोतर नेसून आणि मेहुण्याला घेऊन. जिन्याखाली थांबून त्यांनी फलक वरपासून खालपर्यंत वाचला आणि चिटणिसांना काळजीने विचारले, “का, सार? या वेळी साथ नाही?”

“नाही,” चिटणीस म्हणाले. “आता वर चला.”

बुवांचा आवाज पूर्ण परतला होता. मध्य लयीत त्यांनी तीच बंदिश धरली. चांगली रंगली असताना एका तानेच्या तोंडाशी त्यांनी एकदम ओठ मिटले. हार्मोनियमवाला गोंधळून थांबला. बुवा ओठ घट्ट मिटून अण्णांकडे बघत राहिले आणि हाताने ताल दाखवू लागले: टाळी, टाळी, काल, टाळी. बऱ्याच जणांना वाटले, बुवांना काही तरी होते आहे. फक्त तबला चालू होता आणि बुवांच्या भुवया वर चढत होत्या.

पुढच्या रांगेत इन्स्पेक्टरांनी धोतराच्या घडीतून घड्याळ काढले.